टास्क मॅनेजरमधली प्रोसेस खरी की खोटी, हे कसे तपासावे

विंडोजच्या संगणकावर टास्क मॅनेजर, म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या प्रोग्रॅमांची (प्रोसेसची) यादी दाखवणारे साधन, पहिल्यांदाच उघडून पाहणाऱ्याला शंभर-दीडशे नावांची रांग दिसते आणि त्यांतील बहुतेक नावे त्याने पूर्वी कधी ऐकलेली नसतात. यांतले विंडोजचे स्वतःचे काय आणि बाहेरून घुसलेले काय, असा प्रश्न त्याला पडणे स्वाभाविक आहे. पुष्कळ जण त्याचे उत्तर नावावरून शोधू पाहतात आणि चूक तिथेच होते. प्रोसेसचे नाव म्हणजे केवळ तिच्या फाइलचे नाव असते आणि फाइलला हवे ते नाव देण्याची मुभा कोणालाही असते. दारावर पाटी कोणाच्याही नावाची लावता येते, तसेच हे आहे. म्हणून ओळख पटवायची तर ती प्रोसेस कोणत्या फोल्डरमधून चालू आहे, तिला कोणी सुरू केले, तिच्या फाइलवर कोणाची डिजिटल सही आहे, ती कोणत्या खात्याखाली चालते आणि तिच्या किती प्रती चालू आहेत, या गोष्टी एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात. हे ताडून पाहणे नवशिक्यालाही जमते. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही.

या लेखात फाइलींची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. पडद्यावर ती रोमन अक्षरांत दिसतील आणि त्यांच्या शेवटी बहुधा टिंब व ईएक्सई हे एक्स्टेन्शन असेल. येथे दिलेल्या खुणा विंडोज १० आणि विंडोज ११ यांना धरून आहेत.

आधी एक पथ्य

शंका आली की लगेच प्रोसेस बंद करायची आणि फाइल डिलीट करायची, ही सवय मालवेअरइतकेच, म्हणजे हानी करणाऱ्या प्रोग्रॅमइतकेच, नुकसान करू शकते. २००२ मध्ये एक ईमेल जगभर फिरला. संगणकात ‘जेडीबीजीएमजीआर’ नावाची, टेडी अस्वलाचे चित्र असलेली फाइल सापडली तर तो व्हायरस आहे, अँटीव्हायरसला तो दिसत नाही, फाइल ताबडतोब काढून टाका आणि सर्व परिचितांना कळवा, असे त्यात लिहिले होते. वास्तविक ती मायक्रोसॉफ्टचीच, जावा प्रोग्रॅममधील दोष शोधण्याच्या कामी येणारी निरुपद्रवी फाइल होती आणि अनेकांनी ती स्वतःच्या हाताने काढून टाकली. तज्ज्ञांची साधनेही या चुकीतून सुटलेली नाहीत. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी अँटीव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ मधील, पार्श्वभूमीत सेवा चालवणारी, खरी एसव्हीसीहोस्ट फाइलच मालवेअर ठरवली, आणि असंख्य संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिले किंवा त्यांचे नेटवर्क बंद पडले.

तेव्हा पुढील सर्व पायऱ्या केवळ पाहण्याच्या आहेत, असे समजून चालावे. बंद करणे, काढणे, पुसणे हे सर्व शेवटी, खात्री पटल्यावर. सीएसआरएसएस किंवा विनइनिट यांसारखी विंडोजच्या गाभ्यातली प्रोसेस जबरदस्तीने बंद केली, तर विंडोज त्याच क्षणी निळ्या पडद्यावर थांबते आणि न साठवलेले काम जाते.

पायरी पहिली: पाहण्याची साधने नीट लावून घेणे

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘प्रोसेसेस’ हे पान सर्वसाधारण माहितीसाठी ठीक आहे, पण आपल्याला ‘डीटेल्स’ हे पान हवे. तेथे स्तंभांच्या शीर्षकावर राइट क्लिक करून ‘सिलेक्ट कॉलम्स’ निवडावे आणि ‘इमेज पाथ नेम’ व ‘कमांड लाइन’ हे दोन स्तंभ चालू करावेत. पहिल्या स्तंभात फाइलचा पूर्ण ठावठिकाणा दिसतो, तर दुसऱ्यात ती कोणत्या सूचनेसह सुरू झाली ते दिसते. एवढा बदल केला तरी निम्मे काम झाले, असे माझे मत आहे. कारण पुढची बरीच परीक्षा या दोन स्तंभांवरच उभी आहे.

त्याबरोबरच फाइल एक्सप्लोररमध्ये फाइलींची एक्स्टेन्शन दिसतील अशी व्यवस्था करावी. विंडोज ती मुळात लपवून ठेवते आणि त्यामुळे ‘बिल टिंब पीडीएफ टिंब ईएक्सई’ अशी फाइल पडद्यावर निव्वळ पीडीएफसारखी भासते.

याहून खोल पाहायचे असेल तर ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ हे साधन घ्यावे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्स्वेल यांनी सुरू केलेल्या सिसइंटर्नल्स या संचातील ते आहे. हा संच २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडे आहे आणि मोफत मिळतो. तो मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवावा. मालवेअर शोधण्याचे साधन म्हणून मालवेअरच गळ्यात मारणारी संकेतस्थळे कमी नाहीत. एखाद्या फाइलचे नाव शोधयंत्रात टाकल्यावर ‘ही फाइल धोकादायक आहे, आमचे सफाईचे साधन उतरवा’ असे सांगणारी जी पाने वर येतात, त्यांच्यापासूनही तितकेच दूर राहावे.

प्रोसेस एक्सप्लोरर ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ या पर्यायाने उघडावा. तसे न केल्यास अनेक सिस्टम प्रोसेसच्या बाबतीत ठावठिकाण्याची जागा रिकामी दिसते आणि नवशिक्याला ते संशयास्पद वाटते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडल्यावरही काही संरक्षित प्रोसेस आपली सगळी माहिती दाखवत नाहीत, हे ध्यानात असू द्यावे.

घरच्या संगणकावर टास्क मॅनेजर उघडायला जाताच तो ॲडमिनिस्ट्रेटरने बंद केला असल्याचा संदेश आला आणि तुम्ही स्वतः तसे काही केलेले नसेल, तर मात्र ती गंभीर खूण आहे. आपल्याकडे कोणी पाहू नये म्हणून असे करणारी मालवेअर असतात. कार्यालयाच्या संगणकावर हेच बंधन तेथील आयटी विभागाने घातलेले असू शकते.

पायरी दुसरी: नाव अक्षर अक्षर वाचणे

नावावर विश्वास ठेवायचा नसला तरी ते लक्षपूर्वक वाचायचे असते, कारण नक्कल करणारे बहुधा एखाद्या अक्षराचाच फेरफार करतात. पासवर्डची पडताळणी सांभाळणाऱ्या एलसॅस या प्रोसेसच्या नावाची सुरुवात लहान एल या अक्षराने होते. त्या जागी कॅपिटल आय टाकले तर अनेक फॉन्टमध्ये दोन्ही अगदी सारखे दिसतात. एसव्हीसीहोस्टमध्ये व्ही आणि सी यांची अदलाबदल करणे, शेवटी एक एस वाढवणे, ओ या अक्षराऐवजी शून्य टाकणे हे जुने पण अजून चालणारे प्रकार आहेत. शंका आल्यास ते नाव नोटपॅडमध्ये उतरवून त्याचा फॉन्ट बदलून पाहावा, किंवा सगळी अक्षरे कॅपिटल करून पाहावीत. फरक लगेच उघडा पडतो.

नाव तंतोतंत बरोबर असले, तर मात्र त्यातून काहीच सिद्ध होत नाही. तेथून खरी तपासणी सुरू होते.

पायरी तिसरी: ठावठिकाणा

प्रोसेसवर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडले की तिची फाइल असलेले फोल्डर उघडते. विंडोजच्या गाभ्यातील बहुतेक प्रोसेस सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरच्या आतल्या सिस्टम३२ या फोल्डरमधून चालतात. एसएमएसएस, सीएसआरएसएस, विनइनिट, विनलॉगऑन, सर्व्हिसेस, एलसॅस, एसव्हीसीहोस्ट, डीडब्ल्यूएम, स्पूलएसव्ही आणि टास्कहोस्टडब्ल्यू या सगळ्यांचे घर तेच. यांपैकी कोणतेही नाव डाउनलोड्स, टेम्प, ॲपडेटा, पब्लिक किंवा रीसायकल बिनच्या फोल्डरमधून चालताना दिसले, तर ती जवळजवळ निश्चितच नक्कल आहे. या फोल्डरांत फाइल ठेवायला ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागत नाही, म्हणून घुसखोराला ती सोयीची पडतात. सिस्टम३२ मध्ये काही लिहायचे तर तो अधिकार आधी मिळवावा लागतो.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते ठाऊक नसले की निरपराध फाइलीवर आळ येतो. एक्सप्लोरर, म्हणजे डेस्कटॉप आणि टास्कबार दाखवणारी प्रोसेस, सिस्टम३२ मध्ये नसून थेट विंडोज फोल्डरमध्ये असते. उलट एक्सप्लोरर नावाची फाइल सिस्टम३२ मधून चालताना दिसली, तर थांबून पाहावे. विंडोज अपडेटच्या वेळी दिसणारी ट्रस्टेडइन्स्टॉलर ‘सर्व्हिसिंग’ या फोल्डरमधून, टीआयवर्कर विनएसएक्सएस या फोल्डरमधून, तर डब्ल्यूएमआयपीआरव्हीएसई सिस्टम३२ च्या आतल्या डब्ल्यूबीईएम या फोल्डरमधून चालते. विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या अँटीव्हायरसची मुख्य प्रोसेस एमएसएमपीइंजिन विंडोज फोल्डरमध्ये नसतेच. ती प्रोग्रॅमडेटाखालील मायक्रोसॉफ्ट, त्यातील विंडोज डिफेंडर, त्यातील प्लॅटफॉर्म आणि त्यातील आवृत्तीच्या क्रमांकाचे फोल्डर अशा लांबलचक मार्गावर असते. तो मार्ग पाहून घाबरलेले लोक नेमका आपला रक्षकच बंद करायला निघतात.

सिसवाव६४ या फोल्डरबद्दलही पुष्कळ गोंधळ आहे. ६४ बिटच्या विंडोजमध्ये सिस्टम३२ या फोल्डरात ६४ बिटच्या फाइली असतात आणि सिसवाव६४ मध्ये ३२ बिटच्या. नावांवरून उलटे वाटते, पण जुन्या प्रोग्रॅमांशी जुळवून घेण्यासाठी तशी रचना ठेवलेली आहे. त्यामुळे रनडीएलएल३२ सारख्या फाइलीची एक प्रत सिसवाव६४ मध्ये सापडणे अगदी नियमित आहे.

ॲपडेटामधून चालणारी प्रत्येक गोष्ट वाईट असेही मानू नये. गप्पांची, बैठकांची अनेक प्रतिष्ठित सॉफ्टवेअर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड न मागता बसवता यावीत म्हणून तेथेच बसतात. आक्षेप घ्यायचा तो विंडोजच्या गाभ्यातले नाव धारण करून ॲपडेटामध्ये राहणाऱ्या फाइलीवर.

पायरी चौथी: कोणी सुरू केले

प्रत्येक प्रोसेसला सुरू करणारी दुसरी एखादी प्रोसेस असते. तिला पेरेंट म्हणतात. विंडोज सुरू होताना हा क्रम ठरलेला असतो आणि तो एकदा समजला की तपासणी फार सोपी होते. सर्वांत आधी ‘सिस्टम’ ही प्रोसेस असते आणि तिचा क्रमांक नेहमी ४ असतो. ती एसएमएसएस सुरू करते. एसएमएसएस स्वतःच्या तात्पुरत्या प्रती काढून एका बाजूला सीएसआरएसएस व विनइनिट आणि दुसऱ्या बाजूला आणखी एक सीएसआरएसएस व विनलॉगऑन सुरू करते. विनइनिट पुढे सर्व्हिसेस आणि एलसॅस यांना जन्म देते. सर्व्हिसेस ही प्रोसेस सगळ्या एसव्हीसीहोस्टना सुरू करते. विनलॉगऑनकडून, युझरइनिट या अल्पजीवी प्रोसेसमार्फत, एक्सप्लोरर सुरू होते, आणि आपण माऊसने उघडलेले प्रोग्रॅम सर्वसाधारणपणे एक्सप्लोररच्या पोटात दिसतात.

प्रोसेस एक्सप्लोररमध्ये ही वंशावळ झाडासारखी मांडलेली दिसते. त्यात सीएसआरएसएस, विनइनिट, विनलॉगऑन आणि एक्सप्लोरर यांना पेरेंटच नाही असे दिसेल. एसएमएसएसच्या तात्पुरत्या प्रती आणि युझरइनिट आपले काम करून बंद झालेल्या असतात, एवढेच त्याचे कारण आहे. याउलट एसव्हीसीहोस्टचे पेरेंट सर्व्हिसेसऐवजी एक्सप्लोरर, वर्ड किंवा एखादी अनोळखी फाइल असेल, तर ती गोष्ट सोडून देण्यासारखी नाही.

एसव्हीसीहोस्टवर थोडे अधिक थांबणे आवश्यक आहे, कारण सर्वाधिक भीती आणि सर्वाधिक नक्कल हिचीच होते. विंडोजच्या अनेक सेवा स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून लिहिलेल्या नसून डीएलएल या प्रकारच्या फाइलींत असतात आणि त्यांना चालवण्यासाठी एक यजमान प्रोसेस लागते, ती एसव्हीसीहोस्ट. पूर्वी एका यजमानात पुष्कळ सेवा एकत्र नांदत असत. विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून, संगणकात ३.५ जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर बहुतेक सेवांना स्वतंत्र यजमान दिला जातो. म्हणून आज साठ, सत्तर किंवा त्याहून अधिक एसव्हीसीहोस्ट दिसणे पूर्णपणे नियमित आहे आणि त्या संख्येवरून काहीही निष्कर्ष काढू नये. कमांड लाइनच्या स्तंभात मात्र डोकावून पाहावे. खऱ्या एसव्हीसीहोस्टच्या नावापुढे उणे चिन्ह, के हे अक्षर आणि सेवांच्या गटाचे नाव असते. हा के आणि गट नसलेली, एकटीच चालणारी एसव्हीसीहोस्ट ही अत्यंत संशयास्पद बाब आहे. कोणत्या यजमानात कोणती सेवा चालू आहे हे पाहण्यासाठी प्रोसेस एक्सप्लोररमध्ये त्या नावावर माऊस नेऊन थांबावे, किंवा कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ‘टास्कलिस्ट’ ही आज्ञा ‘एसव्हीसी’ या पर्यायासह द्यावी.

जुन्या मार्गदर्शकांत असे लिहिलेले आढळते की, एसव्हीसीहोस्ट केवळ सिस्टम, लोकल सर्व्हिस किंवा नेटवर्क सर्व्हिस या खात्यांखालीच चालते आणि तुमच्या नावाच्या खात्याखाली दिसली तर ती खोटी. हा नियम आता कालबाह्य झाला आहे. विंडोज १० पासून काही सेवा प्रत्येक वापरकर्त्यासाठी वेगळ्या सुरू होतात आणि त्यांचे यजमान त्याच्याच खात्याखाली दिसतात.

पायरी पाचवी: किती प्रती, कोणते खाते

विनइनिट, सर्व्हिसेस आणि एलसॅस यांची प्रत्येकी एकच प्रत चालू असायला हवी आणि ती सिस्टम या खात्याखाली असायला हवी. दोन एलसॅस दिसल्या तर त्यांतली एक निश्चितच परकी आहे. सीएसआरएसएसच्या किमान दोन प्रती असतात. एकाहून अधिक व्यक्ती एकाच वेळी लॉगइन असतील तर त्या आणखी वाढतात. एलसॅस पासवर्डची पडताळणी सांभाळते, म्हणून हल्लेखोरांचा तिच्यावर डोळा असतो. २००४ मध्ये सॅसर नावाचा वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणारे मालवेअर, तिच्यातील एका त्रुटीवाटे पसरला, तेव्हा एलसॅस कोसळून संगणक मिनिटभरात रीस्टार्ट होत असल्याचा संदेश लोकांना दिसत असे. त्या संदेशात नाव एलसॅसचे होते, पण ती हल्ल्याचे लक्ष्य होती आणि मूळ उपद्रव दुसऱ्याच फाइलीचा होता. त्रुटीच्या संदेशात ज्याचे नाव येते तोच अपराधी, असे मानणे म्हणूनच धोक्याचे आहे.

काही नावांना फाइलच नसते. ‘सिस्टम आयडल प्रोसेस’, ‘रजिस्ट्री’, ‘मेमरी कॉम्प्रेशन’ ही कर्नलची, म्हणजे विंडोजच्या अगदी आतल्या गाभ्याची, अंगे आहेत. त्यांचा ठावठिकाणा उघडत नाही आणि उघडण्याची गरजही नाही. सिस्टम आयडल प्रोसेससमोर सीपीयूचा वापर ९५ टक्के दिसला तर त्याचा अर्थ प्रोसेसर तेवढा रिकामा बसला आहे, इतकाच.

पायरी सहावी: डिजिटल सही

फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडले की ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हे पान दिसते. तेथे सही करणाऱ्याचे नाव असते आणि ‘डीटेल्स’ दाबल्यावर ती सही वैध आहे किंवा नाही हे कळते. केवळ ‘कंपनी’ या रकान्यात मायक्रोसॉफ्ट लिहिलेले असणे पुरेसे नाही, कारण तो मजकूर फाइल बनवणारा स्वतः भरतो. सहीचे तसे नाही. फाइलमधला एक बाइट जरी बदलला तरी ती अवैध ठरते.

येथे नवशिक्या हमखास अडखळतो. विंडोजच्या अनेक अस्सल फाइलींच्या प्रॉपर्टीजमध्ये सहीचे पानच नसते. त्यांची सही फाइलच्या आत नसून विंडोजच्या स्वतंत्र कॅटलॉग फाइलींत नोंदलेली असते. म्हणून पान दिसले नाही की फाइल खोटी, असे ठरवू नये. प्रोसेस एक्सप्लोररच्या ‘ऑप्शन्स’ मेनूमधील ‘व्हेरिफाय इमेज सिग्नेचर्स’ हा पर्याय चालू केला की तो कॅटलॉगही तपासतो आणि प्रत्येक नावासमोर ‘व्हेरिफाइड’ असे दाखवतो. मी तपासणी करताना सर्वांत जास्त भिस्त याच रकान्यावर ठेवतो.

तरीही सही म्हणजे अभेद्य पुरावा नव्हे. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या मालवेअरच्या फाइलींवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या कंपन्यांच्या चोरलेल्या सर्टिफिकेटने केलेल्या सह्या होत्या. २०१७ मध्ये सीक्लीनर या लोकप्रिय साधनाच्या ५.३३ आवृत्तीत मालवेअर मिसळले गेले, तेव्हा ती आवृत्ती कंपनीच्या वैध सहीनिशीच लोकांपर्यंत पोहोचली. असे हल्ले घरगुती वापरकर्त्याच्या वाट्याला क्वचितच येतात, पण सही आणि वर्तन या दोन्हींकडे पाहण्याचे कारण त्यातून स्पष्ट होते.

पायरी सातवी: अस्सल प्रोग्रॅम, परकी आज्ञा

आतापर्यंतच्या सर्व परीक्षांतून पार होणारा एक प्रकार उरतो. पॉवरशेल, रनडीएलएल३२, डब्ल्यूस्क्रिप्ट, एमएसएचटीए, रेगएसव्हीआर३२ हे मायक्रोसॉफ्टचेच, योग्य जागी असलेले, सही असलेले प्रोग्रॅम आहेत. परंतु दुसऱ्याने दिलेली आज्ञा किंवा फाइल चालवणे हेच त्यांचे काम असल्यामुळे हल्लेखोर त्यांना हाताशी धरतात. त्यांच्या बाबतीत फक्त कमांड लाइन बोलते. रनडीएलएल३२ कोणती डीएलएल चालवत आहे आणि ती डीएलएल कुठे आहे ते पाहावे; ती टेम्पमध्ये असेल तर संशय पक्का होतो. पॉवरशेलच्या पुढे ‘एनकोडेडकमांड’ असा शब्द किंवा त्याचे लघुरूप आणि त्यानंतर अर्थहीन अक्षरांची लांबच लांब माळ असेल, तर कोणीतरी आपली आज्ञा झाकली आहे असे समजावे. काही व्यवस्थापनाची साधनेही असे करतात, पण घरच्या संगणकावर त्याला सबळ कारण हवे. वर्ड किंवा एक्सेल यांच्या पोटातून पॉवरशेल सुरू झालेली दिसली, तर ईमेलमधून आलेल्या एखाद्या कागदपत्रातील मॅक्रोने, म्हणजे त्यात दडलेल्या छोट्या प्रोग्रॅमने, हे केले असण्याची दाट शक्यता असते.

याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे अस्सल यजमानाच्या आत शिरणे. नोव्हेंबर २००८ मध्ये आढळलेला कॉन्फिकर हा वर्म आपली डीएलएल सेवा म्हणून नोंदवून खऱ्या एसव्हीसीहोस्टमधून चालत असे. तेथे यजमानाची फाइल, सही, पेरेंट सारे निर्दोष होते. खोटी होती ती आतली सेवा. म्हणून एखादी एसव्हीसीहोस्ट विनाकारण सीपीयू किंवा इंटरनेट वापरताना दिसली, तर तिच्या आतील सेवेचे नाव आणि त्या सेवेची डीएलएल यांचीही चौकशी करावी.

पायरी आठवी: वर्तन

संगणक मंद झाला म्हणजे मालवेअरच असे नसते. डिफेंडर तपासणी करत असताना एमएसएमपीइंजिन, अपडेट बसत असताना टीआयवर्कर, आणि नवीन फाइलींची सूची बनत असताना सर्चइंडेक्सर हे तिघेही बराच काळ भरपूर ताकद वापरतात आणि काम संपल्यावर शांत होतात. संशय घ्यायचा तो न संपणाऱ्या कामाचा. संगणक कोणी वापरत नसताना पंखा जोरात फिरतो आणि टास्क मॅनेजर उघडताच सीपीयूचा वापर एकदम खाली येतो, असे वारंवार घडत असेल तर क्रिप्टो चलनाचे उत्खनन करणारे मालवेअर असू शकते. त्यांतील काही टास्क मॅनेजरवर पाळत ठेवून तो उघडताच थांबतात. ‘रिसोर्स मॉनिटर’मधील ‘नेटवर्क’ या पानावर कोणती प्रोसेस कोणत्या पत्त्याशी जोडली आहे ते दिसते. स्वतःला नोटपॅड किंवा कॅल्क्युलेटर म्हणवणारी, पण सतत बाहेरच्या पत्त्याशी बोलणारी प्रोसेस तेथे लगेच नजरेत भरते.

संगणक पुन्हा सुरू केल्यावर परत येणे ही मालवेअरची गरज असते, म्हणून सुरुवातीला आपोआप काय चालते हे पाहणेही उपयोगी ठरते. सिसइंटर्नल्समधील ‘ऑटोरन्स’ हे साधन रजिस्ट्री, शेड्यूल्ड टास्क, सेवा अशा सर्व जागा एकत्र दाखवते. त्यात सह्या तपासण्याचा आणि मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याचा पर्याय चालू केला की यादी आटोपशीर होते. एखादी नोंद शंकास्पद वाटली तर ती पुसू नये, तिच्यासमोरची खूण काढावी. चूक झाली तर खूण परत करता येते.

पायरी नववी: दुसरे मत घेणे

फाइल अजूनही संशयास्पद वाटत असेल तर व्हायरसटोटल या सेवेकडे विचारणा करावी. ती २००४ पासून सुरू आहे आणि २०१२ पासून गूगलकडे आहे. तेथे एकच फाइल अनेक अँटीव्हायरस इंजिनांकडून तपासली जाते. शक्यतो संपूर्ण फाइल न पाठवता तिचा हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला बोटाच्या ठशासारखा क्रमांक, शोधावा. पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा फाइलच्या नावासह दिली की एसएचए-२५६ हॅश मिळतो. हॅशवरून फाइलमधला मजकूर कोणालाही कळत नाही, तर पाठवलेली फाइल मात्र त्या सेवेच्या सदस्य कंपन्यांना आणि संशोधकांना उपलब्ध होऊ शकते. खासगी कागदपत्रे तेथे कधीही चढवू नयेत.

आलेला निकाल वाचताना तारतम्य हवे. साठ-सत्तर इंजिनांपैकी अपरिचित अशा एक-दोनांनीच धोका सांगितला असेल, तर तो पुष्कळदा खोटा इशारा असतो. सगळ्यांनी निर्दोष ठरवले पण फाइल त्या सेवेला आजच प्रथम दिसली, तर तो निर्वाळा फारसा भरवशाचा नाही, कारण ताजे मालवेअर इंजिनांच्या ओळखीचे नसते. विंडोजची अस्सल फाइल जगभरच्या असंख्य संगणकांवर असते; तेव्हा एसव्हीसीहोस्ट म्हणवणाऱ्या फाइलचा हॅश व्हायरसटोटलने कधी पाहिलेलाच नसेल, तर तीच एक मोठी खूण आहे.

खात्री पटल्यानंतर

आधी इंटरनेट तोडावे, म्हणजे माहिती बाहेर जाणे आणि नव्या आज्ञा आत येणे दोन्ही थांबते. फाइलचा पूर्ण मार्ग, हॅश आणि पेरेंटचे नाव टिपून ठेवावे. नंतर विंडोज सिक्युरिटीमधून ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ चालवावा. त्यात संगणक रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्णपणे सुरू होण्यापूर्वीच, साधारण पंधरा मिनिटे, तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये स्वतःला लपवणाऱ्या मालवेअरला तेथे लपता येत नाही. हाताने प्रोसेस बंद करण्यापेक्षा हा मार्ग नवशिक्यासाठी कितीतरी सुरक्षित आहे. काही मालवेअर जोडीने चालतात आणि एक बंद केले की दुसरे त्याला पुन्हा सुरू करते. अशा वेळी प्रोसेस एक्सप्लोररमध्ये दोन्ही प्रोसेस आधी ‘सस्पेंड’ कराव्यात आणि मगच एकेक बंद करावी.

सफाईनंतर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएफसी’ ही आज्ञा ‘स्कॅननाऊ’ या पर्यायासह द्यावी. ती विंडोजच्या मूळ फाइली तपासते आणि बिघडलेल्या फाइलींच्या जागी अस्सल प्रती ठेवते.

मालवेअर ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालले असेल, किंवा सफाईनंतरही तेच वर्तन परत दिसत असेल, तर शोध लांबवण्यात अर्थ नाही. आपल्या कागदपत्रांची आणि छायाचित्रांची प्रत काढून घ्यावी, प्रोग्रॅमच्या फाइली तिच्यात येऊ देऊ नयेत आणि विंडोज नव्याने बसवावे. पासवर्ड बदलायचे तर ते त्याच संगणकावरून, सफाईच्या आधी, बदलू नयेत. दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून बदलावेत. सुरुवात ईमेलच्या खात्यापासून करावी, कारण इतर बहुतेक खात्यांचे पासवर्ड त्या ईमेलवरूनच नव्याने मिळवता येतात, आणि त्यानंतर बँकेचे व्यवहार असलेली खाती हाती घ्यावीत.